कावळ्याला दिलेला शब्द

कर्जतच्या सरकारी दवाखान्यात छातीच्या डॉक्टरांकडं रांग होती. रांगेतल्या सुंदराच्या पुढं गौराबाई आणि तिची नणंद बोलत बसल्या होत्या.

"तुझा वाल्मिक अजून पावा वाजवतो का गं?"

"पावा तर वाजायलाच लागतो, वन्सं. तुमच्या भावाच्या पिंडाला कावळा शिवंना. ऊन कललं, तवा मीच बोलले, तुमचा पावा घरात रोज सांजंला वाजंल. मग शिवला."

"दादाचाच पावा? धुतला तरी का?"

"धुतला की सूर जातो, म्हनायचे."

"आगं, दादा खोकून खोकून गेला!"

"आता पोराच्या थुंकीत रगत येतं. डाक्तर म्हनला, फुंकायचं नाय."

"मग ठेव की गुंडाळून."

"ठेवला व्हता. त्या सांजंला कावळा दारात येऊन बसला. वरडला नाय, नुसता बघत ऱ्हायला. कुनी ताटाला हात लावला नाय."

"मग?"

"मग मीच घेतला. भजनातलं जमंल तेवढं वाजवते."

"तू? आन् पोरगा कुठाय? त्याला दाखवायला नाय आनलंस?"

"तो घरी हाय."

गौराबाई पदरात तोंड घालून बराच वेळ खोकली. सुंदरा मागं सरकली.

"वन्सं, माझ्यामागं तुमी वाजवाल ना?"