मामांना आज निरोप देऊ नका

नाही काका, फोनवर तुम्ही दोनदा समजावलंत तरी हा निरोप मला पटलेला नाही, आणि आता सगळ्यांदेखत सांगतो. सन्माननीय अध्यक्ष, रस्ता समितीचे प्रमुख, म्हणजे आमचे काका. व्यासपीठावर बसलेल्या बॅटरीगाडी कंपनीच्या मॅडम. सत्कारमूर्ती जीपवाले मामा. आणि समोरच्या माझ्या सगळ्या माणसांनो, नमस्कार. मी समुद्रापलीकडे तेलाच्या टाक्या आतून खरवडतो. रजा मिळाली नाही, म्हणून भाषण ताई वाचते आहे. सातवीत शाळा सोडलेल्याचं लिखाण आहे, शब्द इकडचे तिकडे झाले तर तिला हसू नका.

अशा वेळी चांगलंच बोलायचं असतं. मामांबद्दल त्यासाठी खोटं बोलावं लागत नाही, हे बरं. त्यांच्या जीपचं पुढचं दार आतून उघडायचं नाही आणि बाहेरून लागायचं नाही. पण मागच्या बाकाखाली खडीची पोती कायम. वळणावरच्या खड्ड्यापाशी गाडी थांबायची आणि मामा ओरडायचे, "उतरा मंडळी, रस्त्याचं भाडं द्या!" प्रत्येकाने टोपलीभर खडी टाकायची, मगच गाडी पुढे. शिवणवाल्या मावशी एकदा करवादल्या होत्या, "भाडं घेता ते घेता, वर मजुरी पण?" मामा म्हणाले, "भाडं गाडीचं घेतो, मावशी. गाडीखाली जे आहे त्याचं कोण देणार?"

आईला उतरता यायचं नाही. सोमवारी आणि गुरुवारी ती डायलिसिसला जाते, हे तुम्हाला माहीत आहे. मग ती घरून निघतानाच एक दगड मांडीवर घेऊन बसायची. सुईचा हात जपायचा, म्हणून दुसऱ्या हाताने धरायची. "माझंही घ्या हो," म्हणायची. मामा तो दगड दोन्ही हातांनी घेऊन खड्ड्यात ठेवायचे. टाकायचे नाहीत, ठेवायचे.

आता बॅटरीच्या गाड्या आल्या. वाईट कोण म्हणतंय? धूर गेला, आवाज गेला. ताईच्या स्कूटरचा हप्ता मीच भरतो. पण डिझेल-पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे थोडे पैसे रस्त्याला जायचे. तेल खपेना, तसे तेही आटले. फाट्यावरचा पंपही बंद झाला. मग समितीने सभेत मांडलं, की ज्याची गाडी जितकी जड त्याने वर्षाला तितके द्यावेत. किती हात वर झाले? ताईने मोजले. एक. मामांचा. ज्यांची जीप डिझेलवाचून बंद पडणार होती, त्यांचा! काका, तुमची गाडी सगळ्यांत जड, आणि तुम्ही म्हणालात, "रस्ता काय माझ्या एकट्याच्या बापाचा आहे?" अहो, तुमचे वडील म्हणजे माझे आजोबा. मला तरी चाललं असतं.

(ताई, इथे काका खाकरतील. तू थांबू नकोस.)

मामा डिझेल कॅनमधून आणून आणून थकले. म्हणून आज तुम्ही त्यांना भिंतीवरचं घड्याळ देताय. मॅडम, तुमची गाडी छान आहे, थंडगार आहे. पण तिची बॅटरी पोटाखाली, ती दगडाला घासते, म्हणून ती फाट्याच्या पुढे येत नाही. तुमचंही चुकत नाही. मग फाट्यापर्यंत आई कशी येणार? खड्ड्यांतून ताईच्या स्कूटरवर तिला बसवत नाही. गेल्या गुरुवारी जीपला डिझेल मिळालं नाही, तेव्हा ती चालत आली. वाटेत दोनदा खाली बसली. दवाखान्यात पोचली तेव्हा मशीन दुसऱ्याला लावलं होतं. गेली तशी परत आली. मला फोनवर म्हणते, "चालायला बरं असतं रे." ताईने नंतर सांगितलं, पाय सुजून चप्पल चढत नव्हती.

तुम्ही म्हणता, आपण तेलातून सुटलो. सुटलो का? आईचं मशीन माझ्या पगारावर, म्हणजे मी खरवडतो त्या टाकीच्या तळाच्या गाळावर चालतंय. आता इथल्या टाक्याही अर्ध्या रिकाम्या असतात. माणसं परत पाठवतायत. पुढच्या खेपेत माझं नाव आहे. माझ्याकडे दुसरा उपाय असता तर मी समारंभात असं रडगाणं लावलं नसतं.

मामा, घड्याळ घ्या, पण जीपची चावी कुणाला देऊ नका. रस्ता नीट होईपर्यंत थांबा. काका, आई तुमची वहिनी आहे. आज पुन्हा एकदा हात वर करायला सांगा, आणि पहिला तुमचा करा. ताई मोजेल. गुरुवारी सकाळी आई मांडीवर दगड घेऊन दारात बसलेली असेल. तो तिने कुणाच्या हातात द्यायचा, एवढं ठरवून मग सभा संपवा.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. ज्यांना राग आला आणि तरी बसून राहिले, त्यांचे जास्त. लहान तोंडातून काही जास्तीचं निघालं असेल तर पोटात घाला. ताईच्या खात्यावर पैसे टाकलेत, मामांच्या डिझेलला आणि खडीला. माझा इथला बहुतेक शेवटचा पगार आहे, सगळाच टाकलाय: सव्वीस हजार चारशे.