सव्वा महिना

माझ्या मुलीची दृष्टी माझ्यामुळं गेली, आणि ही गोष्ट मी तिच्यापासून आणि तिच्या आईपासून इतकी वर्षं लपवून ठेवली. आता सांगतो तर सुरुवातीपासूनच सांगतो, म्हणजे मी स्वतःला कुठं सूट देतोय का, ते तुम्हालाही कळेल.

मी मूळचा सोयगावचा. वडील बाजारात मापाडी होते. मी शहरात आलो तो औरंगपुऱ्यातल्या शालेय पुस्तकांच्या दुकानात नोकरीला, आणि अजून तिथंच आहे. पुंडलिकनगरात दोन खोल्या घेतल्या, लग्न झालं, पण मूल काही होईना. सुनंदानं, माझ्या बायकोनं, गावाकडं काय काय ऐकून घेतलं ते तिलाच ठाऊक. शेवटी दिवस राहिले, आणि सातव्यातच कळा सुरू झाल्या.

काय सांगू तुम्हाला, ते लेकरू माझ्या तळहाताहून थोडंसंच मोठं होतं. कातडीखालच्या शिरा दिसायच्या. फुफ्फुसं पुरती तयार नव्हती म्हणून काचेच्या पेटीत ठेवून नाकाला प्राणवायू लावला होता, आणि नळीतून थेंब थेंब आईचं दूध जात होतं. मधेच ती श्वास घ्यायचंच विसरायची, मग यंत्र ओरडायचं आणि निर्मला सिस्टर धावत येऊन तिच्या तळव्यावर टिचकी मारायच्या, की ती पुन्हा श्वास घ्यायची. पुढं जरा बरी झाल्यावर सिस्टरनी मला शर्टाची बटणं काढायला लावली आणि तिला माझ्या उघड्या छातीवर बांधलं. म्हणाल्या, आईनंच ऊब द्यायची असा कायदा नाही, भाऊ, तुम्ही पण जरा कामाला या. मी हसलो. त्या दवाखान्यात तेवढाच हसलो असेन.

घरी सोडलं त्या दिवशी सुनंदा लेकराला घेऊन रिक्षात बसली होती आणि मी औषधं घ्यायला मागं थांबलो होतो. तिथं सिस्टर मला म्हणाल्या, भाऊ, जन्मापासून महिना भरायच्या आत डोळे तपासायला आणा, अशा लेकरांचा डोळ्याचा आतला पडदा कच्चा असतो, बिघाड बाहेरून दिसत नाही, वेळेत सापडला तर लेझरनं थांबवता येतो, विसरू नका. मी हो म्हणालो. मला समजलं होतं. समजलं नव्हतं असं मी आजही म्हणू शकत नाही.

घरी माझी आई आली होती. तिला आम्ही बाई म्हणायचो. बाई म्हणाली, सव्वा महिना लेकरू उंबऱ्याबाहेर नाय काढायचं. मी म्हणालो, दवाखान्याचे दिवस धरले तर तो निम्म्याहून जास्त झालाय. तर म्हणाली, ते दिवस कशाला धरतो, तिथं काय तिचं घर व्हतं का, घरात पाऊल पडल्यापासून मोजायचं. आणि मी तसंच मोजलं. बाईला दोष देत नाही, तिला सिस्टरचं बोलणं मी सांगितलंच नव्हतं. सुनंदानं विचारलं, पुन्हा कधी बोलावलंय, तर म्हणालो, सव्वा महिन्यानंतर. का, ते अनेकदा तपासून पाहिलं. ते यंत्राचं ओरडणं मला पुन्हा ऐकायचं नव्हतं, आणि बाईची रूढी मला सोयीची पडली, एवढंच हाती लागतं.

आम्ही गेलो तेव्हा दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटले होते. डॉक्टर म्हणाले, इतका उशीर का, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं? सुनंदा माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, नाही, कुणी नाही. त्यांनी सिस्टरना बोलावलं. त्या म्हणाल्या, सर, मी यांना सांगितलं होतं. मी मान खाली घातली आणि पुन्हा नाही म्हणालो. सिस्टरना आमच्यादेखत जी बोलणी खावी लागली ती इथं उच्चारवत नाहीत. पुढं मद्रासपर्यंत जाऊन आलो, उपयोग झाला नाही. नंतर सिस्टरना शोधत गेलो, तर त्या नोकरी सोडून गेल्या होत्या.

मुलीचं नाव रेवा. आता कॉलेजात जाते. माझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखते आणि म्हणते, बाबा, आज शेठजींनी झाडलेलं दिसतंय. आईकडून ऐकून तिलाही वाटायचं की एका सिस्टरच्या हलगर्जीपणामुळं आपले डोळे गेले. मी ते ऐकायचो आणि जेवत राहायचो.

गेल्या महिन्यात समोरच्या शकुंतलाकाकूंच्या सुनेला असंच अपुऱ्या दिवसांचं मूल झालं. काकू पेढे घेऊन आल्या. रेवानं विचारलं, काकू, डोळे दाखवले का बाळाचे? काकू म्हणाल्या, बोलावलंय गं याच आठवड्यात, पण सव्वा महिना होऊ दे, चांगलं टकमक बघतंय की दिव्याकडं. सुनंदा म्हणाली, अहो, तुम्हाला सांगितलंय तरी, जा, आम्हाला तर कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं. काकू म्हणाल्या, बघू.

त्या 'बघू'नंतर मला गप्प राहता आलं नाही. मी म्हणालो, काकू, आजच जा. आमची रेवाही दिव्याकडं बघायची. आणि सुनंदा, आपल्याला सांगितलं होतं. सिस्टरनी मला सांगितलं होतं. मी तुझ्याशी खोटं बोललो, डॉक्टरांशीही.

काकू पेढ्यांचा डबा तसाच ठेवून उठल्या आणि मुलाला हाका मारत गेल्या. सुनंदा भिंतीला टेकून खाली बसली. रेवानं शांतपणे विचारलं, आईला सांगितलं असतं तर आईनं नेलं असतं मला? मी म्हणालो, हो, बाईशी भांडून नेलं असतं.

मग मी तिच्यापुढं जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "रेवा, तुझे डोळे वाचले असते. मी नेलं नाही, आणि दोष सिस्टरवर टाकला. तू माफ करावंस असं मी म्हणत नाही. माझं चुकलं, बाळा."