डेव्हिडचा उपवास

तुमच्यापैकी कुणी मॉर्मन माणसाला चहा पाजायचा प्रयत्न केलाय? माझ्या आईनं केलाय.

मंदीत दुबईतल्या आमच्या ऑफिसात कामच उरलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. माझा अमेरिकन कलीग डेव्हिड मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा, तरुणपणी कॅनडात मिशनरी होता. नव्यानं आलेल्या लोकांना इंग्लिश शिकवायचं आणि जमलं तर धर्म सांगायचा. दुबईत धर्मप्रचाराला बंदी, म्हणजे तेवढं खलास, म्हणून दर शुक्रवारी सुट्टीला अल मनखूल भागातल्या आमच्या घरी तो नव्या आलेल्या बायकांना नुसतं इंग्लिश शिकवायचा. त्यात नुकतीच पुण्याहून आलेली माझी आई.

"चहा?"

"नो, आंटी."

"मग कॉफी?"

"नो, आंटी."

"अगं, त्यांच्या धर्मात चालत नाही," मी म्हटलं. आई खट्टू झाली.

एका शुक्रवारी तो म्हणाला, "टुडे आय ॲम फास्टिंग."

"उपवास आहे त्याचा," मी सांगितलं. आईचा चेहरा एकदम खुलला. "अरे, माझाही शुक्रवार आहे की!" म्हणत आत गेली आणि साबुदाण्याच्या खिचडीची भरगच्च बशी घेऊन आली.

"बट आंटी, आय ॲम फास्टिंग!"

आईनं त्यानंच शिकवलेलं इंग्लिश काढलं. "आय ऑल्सो फास्टिंग. ईट!"

शेवटी मीच मध्ये पडलो, त्यांच्या महिन्यातून एकदाच्या उपवासात पाणीही चालत नाही हे आईला सांगितलं आणि संध्याकाळी उपवास सोडायला म्हणून खिचडीचा डबा त्याच्या हातात दिला.

पुढच्या महिन्यात डेव्हिडसाहेब दारातूनच ओरडले, "आंटी, टुडे फास्टिंग! व्हेअर्स माय खिचडी?"

आई माझ्या कानाशी आली. "एवढा मिशनरी म्हणे, आणि खिचडीनं बाटला की रे!"