ह्यांची पावलं, बिंदुमाधवांचे पाय

हॅलो?… हां सुखदा, बोल… रडत नाहीये गं. ओरडून ओरडून घसा बसलाय… कोणावर म्हणजे? तुझ्या दादावर! घरात आणखी आहे कोण?

हो, हो… अगं ऐक ना! सकाळी हे तळ्यावर फिरायला गेले आणि रक्त पातळ करायची गोळी राहिली टेबलावर. म्हटलं, तळं काय, दोन गल्ल्यांवर, नेऊन देऊ. जाते तर काय, स्वारी बेकरीबाहेर स्टुलावर! एका हातात चहा, दुसऱ्यात सिगारेट… तीच गं! ‘पायाच्या रक्तवाहिन्या बुजत चालल्यात, एक झुरकासुद्धा नको’ म्हणाले होते डॉक्टर. वर तो बेकरीवाला मल्लाप्पा मलाच म्हणतो, “अय्यो अक्का, सार रोज येतात की!”

थांब, पुढचं ऐक. ध्रुवनं बापाला घड्याळ दिलंय ना, त्यात मोजलेली पावलं माझ्या मोबाईलवर दिसतात. हे समोर बसलेले, आणि पावलं वाढतायत! मला वाटलं, वेडच लागलं आपल्याला. मनगट बघते तर रिकामं. घड्याळ ह्यांच्याबरोबर फिरायला येणाऱ्या बिंदुमाधवांच्या हातात, आणि ते तळ्याला फेऱ्या मारतायत!… हसू नकोस. हसू नकोस गं!

तीन महिने, सुखदा! पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, दुखणं ओसरलं की परत चालायचं. एवढंच तर करायचं होतं. ती पावलं मी मिरवत डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, एवढं चालूनही फरक नाही, मग गुरुवारी नळी घालून वाहिनी उघडू… हो, ह्याच गुरुवारी! रोज संध्याकाळी मी ह्यांची बोटं न् बोटं तपासते, जखम नाही ना, काळं पडलं नाही ना… आणि हे मला…

काय?… दोनच? दिवसाला दोनच ओढतो?… थांब. दोन हे तुला कोणी सांगितलं? मी आकडा काढलाच नाही.

खरं सांग सुखदा, कधीपासून ठाऊक आहे तुला?

गणपतीला आलीस तेव्हापासून?… घड्याळाचंही?… ‘वहिनी चिडेल म्हणून’! अगं, चिडले असते, दोन दिवस बोलले नसते. त्यानं कोणाचा पाय गेला नसता!

दर रविवारी विचारायचीस, “दादाची पावलं किती झाली?” मी खुळ्यासारखी सांगायची, आणि तू “वा वा” म्हणायचीस!… ह्यांच्याशी मी भांडेन गं, नवराच आहे. पण मन मोकळं करायला मला तू होतीस. आता कोणाला सांगू?

नको. सॉरी नको… ह्यांना फोन? नाही देणार. तू आधी डॉक्टरांना लाव, नंबर पाठवते… हो, तूच! मी कोणत्या तोंडानं सांगू? ते खोटे आकडे मीच दाखवलेत… गुरुवारच्या आत सांग. आणि एवढं नक्की सांग, वहिनीला ह्यातलं काहीच ठाऊक नव्हतं… नाही, रविवारी करू नकोस फोन. ठेवते.