घर्षण धरलंस का?

नाही हो, तब्येत ठीक आहे माझी. उन्हाचं काही नाही. आणि पेपरही वाईट गेलेला नाही आमचीचा — उत्तम गेलाय, दुसऱ्या पेपरला आत जाण्याआधी तोंडभरून सांगून गेली ना मला. तुम्हाला वाटलं असेल, ही बाई तोंड कडू करून बसलीय म्हणजे लेकीनं दिवे लावले असणार. लावलेच आहेत, पण ते तसले नाहीत. बसा, बसा. बाक काही माझ्या मालकीचा नाही. तुमचं कोण आत? मुलगा का? मग एक करा, तो बाहेर आला की त्याचा हात धरा आणि सरळ घरी चालू लागा. त्या झाडाखालच्या घोळक्यात उभं राहू देऊ नका त्याला. कशाला म्हणजे? मधल्या सुट्टीत तुम्ही इथं नव्हता वाटतं.

शिसारी येते हो. पेपर दिलात, गोळा करून नेला, आता त्यातलं एक अक्षर बदलायचं नाही — तरी ही मुलं जिना उतरता उतरताच सुरू. तुझं काय आलं, माझं हे आलं, अमक्याचं तमकं आलं. तोंडात घास, घास चावता चावता उत्तरं, समोरच्याच्या शर्टावर तुकडे उडतायत, कुणाला शुद्ध नाही. आणि डोळे बघा त्यांचे कधी — आपलं बरोबर आलं का हे कमी, दुसऱ्याचं चुकलं का हे जास्त. कुणाचं चुकलं की सगळे मिळून ‘अरेरे’ म्हणतात, आणि त्या अरेरेला वास येतो, नासलेल्या दुधात साखर घातल्यासारखा. मुलांना तरी कशाला नावं ठेवायची? त्यांचे बाप उभे होते ना पाठीशी, चष्मे कपाळावर सरकवून, प्रश्नपत्रिका नाकाला लावून. एक तर दुसऱ्याच्या मुलीला विचारत होता, बाळ, सतरावा कसा केलास गं? बाळ म्हणे. लांडगा शेळीला विचारतो तसं.

आमच्या घरी तरी काय वेगळं. आमची बाहेर आली ती फोन मागतच आली. पाणी नको, डबा नको, आधी बाबांना फोन. यांनी क्लासवाल्यांकडून उत्तरं मिळवून ठेवलेली, हे तिकडून विचारतायत, ही इकडून सांगतेय. शिडीचं गणित आलं होतं म्हणे — भिंतीला टेकलेली शिडी घसरते कधी, असं काहीतरी. मला त्यातलं कळत नाही, पण कान आहेत मला. ‘शिडीचं क,’ ती म्हणाली. यांचा आवाज फोनबाहेर ऐकू आला, ‘बरोबर.’ ‘आरशाचं ब.’ ‘बरोबर.’ असं एकेक चाललं होतं, मी डबा उघडून हातात धरून उभी. आणि मग यांनी विचारलं, ‘खालचीचं काय?’

खालची म्हणजे — आमच्या खालच्या मजल्यावर राहते ती. नाव आहे तिला, चांगलं नाव आहे, पण आमच्या घरात ती खालचीच. बालवाडीपासून दोघी एका बाकावर. गणितं सोडवायला दोघी जिन्यात बसतात, तिचं घर आणि आमचं घर यांच्या मधोमध. पोरगी हुशार, खोटं कशाला बोलू, आमचीपेक्षा काकणभर सरसच. फक्त एक खोट — स्वतःवर विश्वास म्हणून नाही. दाराला कुलूप लावून चार पायऱ्या उतरली की परत वर येऊन ओढून बघणार, परत उतरणार, परत येणार. आमची हसायची तिला. हसता हसता लक्षात ठेवत होती, हे मला आज कळलं.

झालं काय, फोन ठेवला तेवढ्यात खालची आली. चेहरा उजळलेला, मी तिला कधी इतकी खूश बघितली नव्हती. डबाही उघडला नाही तिनं, म्हणाली, ‘शिडीचं क ना गं?’ आणि आमची — माझ्यासमोर, हो, माझ्यापासून हातभर अंतरावर — आमची एकदम गप्प झाली. मग अगदी हळू, जपून, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, ‘क? क कसं येईल? तू घर्षण धरलंस का?’ ‘धरलं ना.’ ‘जमिनीचं धरलं असशील. भिंतीचं?’ ‘भिंतीचंही —’ ‘बघ हं, आठवून बघ. मला तर अ आलंय.’ बस, एवढंच. केसानं गळा कापणं म्हणतात ना, मी म्हणीत ऐकलं होतं, आज डोळ्यांनी बघितलं. रक्ताचा थेंब नाही.

मग आरशाचं. मग आणखी कुठलंतरी. प्रत्येक वेळी आमची आधी गप्प व्हायची, मग ‘असू दे गं, जाऊ दे’ म्हणायची. खालची कुलूप ओढून बघत होती मनातल्या मनात, दिसत होतं मला, आणि प्रत्येक ओढीला ते उघडत होतं. शेवटी आमचीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मला बघवेना. तुम्ही विचारलंत ना मघाशी, तब्येत बरी नाही का — तेव्हापासून तोंड हे असं आहे माझं.

मी काय केलं? मी — हे बघा, मी विचारलं. गप्प नाही बसले मी. खालची तोंड धुवायला नळावर गेली तेव्हा विचारलं, ‘बाबांना तर तू क म्हणालीस.’ आमची केळं सोलत होती. म्हणाली, ‘आई, पेपर आधीच झालाय ना? मी काही तिला चुकीचं लिहायला लावलं नाही. मी फक्त विचारलं.’ आणि मग, ‘रुमाल दे.’ मी दिला. दिला हो. हात पुसले, केस सारखे केले, गेली वर. माझ्या पोटची पोर, आणि मला त्या रुमालाची किळस आली, तो पिशवीत परत टाकवेना. हा बघा, इथंच बाकाच्या कडेला पडलाय.

वेळ होता की, हो. घंटा झाली नव्हती. नळ काय लांब आहे — तिथं कोपऱ्यात, भिंतीपाशी. चार पावलं टाकून म्हणायचं होतं, अगं, क बरोबर आहे, ती थट्टा करतेय तुझी. एवढं वाक्य. मला वाटलं, माझ्याच मुलीला मी त्या पोरीसमोर खोटी पाडू? आपलेच दात, आपलेच ओठ. आणि — हे तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही उद्या मला भेटणार नाही — आमचीनं ‘क कसं येईल’ म्हटलं आणि त्या पोरीचा चेहरा उतरला ना, तेव्हा वाईट वाटायच्या आधी, अगदी आधी, मला बरं वाटलं होतं. जिना चढता उतरता गेली कित्येक वर्षं ऐकलंय मी, खालची पहिली, खालची पहिली. मीच म्हणायचे ते, आमचीला. जेवताना, झोपताना, वेणी घालताना. बघ जरा खालचीकडे. तिनं बघितलं. इतकं निरखून बघितलं की दुखरी नस सापडली.

मग खालची नळावरून आली, दप्तर घेऊन. पापण्या ओल्या, नाक लाल. मला म्हणाली, ‘काकू, मी जाते. माझं काही खरं नाही आता. वर बसून तरी काय करू?’ आणि मी तिला म्हणाले — मी म्हणाले, ‘जपून जा.’

जपून जा.

घंटा झाली, फाटक लागलं. दुसरा पेपर बुडला की पहिल्याला कोण विचारतो, प्रवेशाला दोन्ही लागतात. आता लागतील निकाल, आमचीचा नंबर वर लागेल, पेढ्यांऐवजी माझ्या तोंडात राख येईल, आणि मी ती गोड मानून गिळीन. गिळलीच असती. पण ती गेली नाही ना हो. ती बघा समोर, रस्त्यापलीकडे, बसथांब्यावर, करड्या ओढणीची. तेव्हापासून तिथंच बसलीय. बस येते, दार उघडतं, ही उठत नाही, बस जाते. घरी जाऊन काय सांगायचं, हे तिला सुचत नसणार. आणि मी इकडे बसून तिच्यावर नजर ठेवलीय, म्हणजे जणू राखणच करतेय. राखण कसली. रस्ता ओलांडून जायची हिंमत नाही, म्हणून बसलेय. गेले तर तिला खरं सांगावं लागेल, आणि खरं सांगितलं की तिला कळेल, तिचा पेपर बरोबर होता आणि ती उठून आली. हे जास्त वाईट की ते, तुम्हीच सांगा. नाही, नका सांगू. मला माहीत आहे.

थांबा. ते स्कूटरवरून उतरतायत ना, निळा शर्ट, हातात थंड बाटल्या घेतलेले — ते तिचे वडील. सकाळी दोघींना त्यांनीच सोडलं, मागे दाटीवाटीनं बसवून. लवकर आलेत. पेपर सुटायला अजून अवकाश आहे, पण त्यांचा स्वभावच तसा. दोन बाटल्या आहेत बघा. दोन. त्यांनी कधी एक आणली नाही. बघितलं मला, हात करतायत. थांब्याकडे पाठ आहे त्यांची, त्यांना वाटतंय ती आत लिहितेय.

तुम्ही उठता का जरा? रागावू नका, पण उठाच. तुम्ही शेजारी असलात तर मी त्यांच्याशी उन्हाचं बोलेन, गर्दीचं बोलेन, पेपर सोपा होता का अवघड होता ते बोलेन. ओळखते मी मला. जा तुम्ही, फाटकापाशी जाऊन थांबा मुलासाठी. जा म्हणते ना.

या, भावजी. बसा. नाही, पेपर सुटला नाही अजून. बाटल्या ठेवा खाली. भावजी, फाटकाकडे नका बघू. इकडे बघा. त्या थांब्याकडे.