मळ्यात धाडलेली पोरं

आक्काबाई : मनी नातले मळामा कोन्ही धाडं, ते सांगा पहिले!

तोताराम आबा : हळू बोल, आक्का. सरपंचाच्या ओट्यावर उभी आहेस. रस्त्यानं माणसं जाताहेत.

आक्काबाई : जाऊ द्या. त्यास्ले बी आयकू द्या!

सविता : आबा, मी सांगते. काल तालुक्याहून फोन आला. दातांची गाडी यापुढे माझ्या अंगणवाडीत येणार नाही. पाहणीला आलेले साहेब म्हणे, इथली पोरं ठणठणीत आहेत, या गावावर पैसा घालायची गरज नाही.

तोताराम आबा : मग चांगलंच की! थेट पिंपळनेरपर्यंत असं दुसरं गाव दाखव मला.

सविता : नाव झालं आणि गाडी गेली. डॉक्टरीणबाई येऊन पोरांच्या दातांना लेप लावायच्या, ब्रश द्यायच्या, आयांना समजावायच्या. सगळं सरकारी पैशावर चाललं होतं. आता बंद.

तोताराम आबा : दात धड असले तर लेप हवा कशाला?

सविता : लेपानंच धड राहिलेत ना! पीक जोमात आलं म्हणून तुम्ही कुंपण उपटता का? त्या साहेबांचं डोकंही धन्य! पण त्यांना तरी काय बोलू? त्यांच्यापुढे बसवलेली पोरं तुम्ही निवडलीत. ऊसतोडीवरून आलेली पोरं त्या दिवशी सकाळीच ट्रॅक्टरमध्ये भरून मळ्यात धाडलीत.

तोताराम आबा : सहल होती ती.

आक्काबाई : सहल! आनि हातमा गोड गोळ्यास्ना पुडा दिना! किडेल दातस्ले गोळ्या! वा रे सरपंच!

तोताराम आबा : अगं, साहेब येणार म्हटल्यावर घर झाडायला नको? पाहुण्यापुढे फाटकी गोधडी कुणी टाकतं का? झाकली मूठ सव्वा लाखाची.

आक्काबाई : मनी नात गोधडी शे का?

तोताराम आबा : तसं नाही म्हणालो मी... आणि काय गं सविता, तू तिथंच होतीस. तेव्हा का नाही बोललीस?

सविता : बोलायला तोंड उघडलं की तुम्ही म्हणायचात, "ताई, चहाचं बघा." साहेब जीपमध्ये बसेपर्यंत मी चहाचंच बघत होते.

आक्काबाई : आबा, मना पोऱ्या नि सून ऊस तोडाले जातस. पोरगी सहा महिना फडामा. भूक लागनी का ऊस चोखस, नि तशीच झोपस. तिन्या दाढा सडी गयात. भाकर चावता येस नही, चहामा बुडाईसन गिळस.

तोताराम आबा : एवढंच ना? उद्या माझी गाडी घेऊन जा. साक्रीला नेऊन दाढ काढून आणा.

आक्काबाई : तिनी काढशात. नि तिना धाकला भाऊनं काय? त्याना दात आत्तेच उगेल शेतस. ते सडानी वाट देखू का? मंग तुम्हनी गाडी परत मांगाले येऊ?

सविता : हेच म्हणतेय मी. सडल्यावर तुम्ही एकाला गाडी द्याल. सडूच नये यासाठी गाडी सगळ्यांच्या दारात येत होती. ती तुम्ही घालवलीत.

तोताराम आबा : मी मुद्दाम केलं का? गावाचीच शोभा बघितली ना?

आक्काबाई : आम्हीन गावमा नही शेत का? उद्या मी त्या बठ्ठा पोरं लई तालुकाले जासू. साहेबना टेबलसमोर एकेकनं तोंड उघडी दखाडसू. मंग देखू तुम्हनी शोभा!

तोताराम आबा : थांब, आक्का. त्या सगळ्या पोरांतली तुझी नात कुठली?

आक्काबाई : तुम्हीच उचलीसन बसाडी ना ट्रॅक्टरमा! नाव बी नही इचारं?

(आबा खिशातून फोन काढून लावतात.)

तोताराम आबा : नमस्कार साहेब, सरपंच बोलतोय... हो, हो, फोटो मिळाले... नाही, सत्काराचं नाही. तुम्हाला पुन्हा यावं लागेल... नाही साहेब, तुमची चूक नाही. आमची निम्मी पोरं तुम्ही पाहिलीच नाहीत... मी दाखवली नाहीत.