बोटीची बुकिंग पुसणारी ओळ कोणी लिहिली, याबाबत जबाब

मोलो पोलीस ठाणे, इलोइलो शहर. पवित्र गुरुवार, सकाळची वेळ.

मी, रेमेदिओस सुमागायसाय, वय ५८ वर्षे, शिक्षण हायस्कूल पास, काम घर सांभाळणे, राहणार मोलो चर्चच्या मागची गल्ली. मला कोणी बोलावलेले नाही. स्वतःहून ठाण्यात येऊन सार्जंट पान्येस बाईंसमोर सांगते ते असे:

वरील पत्त्यावर मी माझी मुलगी जोनालिन, वय ३१, हिच्यासोबत राहते. माझे यजमान खलाशी होते, ते हयात नाहीत. घराचा आणि आमच्या प्रार्थनामंडळाचा हिशोब मी लिहिते. जोनालिन मोठ्या कंपन्यांसाठी प्रोग्राम लिहिते. बोटींची तिकिटे, गिरण्यांतला तांदळाचा साठा, अशी कामे तिने केलेली आहेत. त्यासाठी तिला चार-पाच भाषा येतात, त्यातली एक तिच्या जन्माच्या आधीची आहे आणि बँकांत अजून चालते. चांगली चालते ती वस्तू टाकून द्यायची नाही, ही रीत मला त्या कामात आवडली. मागच्या महिन्यात तिने येथील ऑफिस सोडले. तिला सिंगापूरला नोकरी मिळाली आहे. तिकडे जाण्यासाठी पोलिसांचा दाखला लागतो. त्याचा अर्ज याच ठाण्यात दिलेला आहे.

कालपासून आपल्या कोठडीत असलेला रेक्सन कातालबास, वय २४, जोनालिनच्या हाताखाली काम शिकला. शनिवारी ऑफिसात एसी बंद ठेवत, म्हणून दोघे आमच्या जेवणाच्या टेबलावर काम करीत. मी एकच पंखा लावते, दोघांच्या मध्ये ठेवला की पुरतो. तो जोनालिनला मानांग म्हणतो, थोरल्या बहिणीला म्हणतात तसे, आणि मला नानाय, म्हणजे आई. जोनालिन त्याला तोतो म्हणते, धाकट्या भावाला म्हणतात तसे. त्याची स्वतःची नानाय गिमारास बेटावर असते.

काल बुधवारी पहाटे, ज्या बोट कंपनीचे काम ते ऑफिस करते तिच्या डेटाबेसमधून ईस्टरच्या सुट्टीची सगळी बुकिंग पुसली गेली. धक्क्यावर माणसे पेट्या आणि पोरे घेऊन उभी होती आणि खिडकीवर कोणाचेच नाव सापडत नव्हते. ऑफिसचे व्यवस्थापक श्री. गिमेनो यांनी तक्रार दिली की हे रेक्सनने सूड म्हणून केले. त्याला या आठवड्यात रजा नाकारली होती आणि त्याने ऑफिसच्या गटात "मग बुडू दे तुमची बोट" असे लिहिले होते. ते त्याने लिहिले हे खरे आहे. त्याबद्दल मी त्याला वेगळी बोलणार आहे.

दुसरा पुरावा असा दिला आहे की, प्रोग्रामच्या कोणत्याही ओळीवर शेवटचा हात कोणाचा, ते दाखवणारे एक साधन या लोकांकडे असते. बुकिंग पुसणाऱ्या ओळीसमोर त्यात रेक्सनचे नाव आले.

याबाबत मला माहीत आहे ते सांगते. ती ओळ जानेवारीत आमच्या टेबलावर लिहिली गेली. जोनालिनची पद्धत अशी की, काही लिहिले की ते मला साध्या भाषेत सांगायचे. ज्याला त्यातले कळत नाही त्याला सांगताना आपली चूक आपल्याला ऐकू येते, असे ती म्हणते. त्या दिवशी मी वाटाणे सोलत होते.

ती म्हणाली, "नानाय, ऐक. तपासून बघायला आम्ही चाचणीची खोटी बुकिंग करतो. रोज पहाटे ती साफ करायची. म्हणून लिहिलंय, चाचणीची बुकिंग पुसून टाक."

मी म्हटले, "आणि खऱ्या माणसांची?"

"त्यांना हात नाही लावायचा."

"मग चालेल."

रेक्सन म्हणाला, "झालं! नानायनं मंजूर केलं. आता मला कोण विचारतंय?"

"तू नीट बघ, तोतो. नानायला पगार नाही, तुला आहे."

एकाने लिहिलेले दुसऱ्याने बघून मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही, असा त्यांचा नियम आहे. त्याने बघितले आणि मंजूर केले.

'चाचणीची' हा शब्द ती तोंडाने बोलली, तो मी ऐकला. लिहिताना तो राहिला, हे काल कळले. चाचणीच्या मशीनवर सगळी बुकिंग खोटीच असल्यामुळे कोणाच्या ध्यानात आले नाही. आता सुट्टीच्या गर्दीसाठी कंपनी नव्या मशीनवर गेली, तेव्हा ते पहाटेचे काम खऱ्या बुकिंगवर जाऊन बसले.

रेक्सनचे नाव कसे आले तेही मी पाहिले आहे. फेब्रुवारीतल्या कान्देलारियाच्या जत्रेनंतरच्या शनिवारी तो आल्या आल्या म्हणाला, "नानाय, आज डोकं घरी ठेवून आलोय. आज फक्त झाडू मारायचा." वेगवेगळ्या हातांनी लिहिलेल्या ओळी मागेपुढे झाल्या होत्या, त्या त्याने दिवसभर एका रेषेत आणल्या. शब्द एकही बदलला नाही. जोनालिन त्याला म्हणालीही होती, "झाडणाऱ्याचं नाव दारावर लागतं हं. काही मोडलं तर आधी तुला धरतील." त्यावर तो म्हणाला, "धरू देत. तोवर तू सिंगापूरला कोळंबी खात बसलेली असशील."

काल सकाळी बातमी कळल्यावर जोनालिनने ऑफिसला फोन केला आणि ती ओळ वाचून घेतली. तिने फोन खाली ठेवला. तिची कॉफी गार झाली होती, ती मी परत गरम केली. ती म्हणाली, "नानाय, चप्पल घाल." मी तिला दाखल्याची आठवण करून दिली. ती म्हणाली, "माहीत आहे." मी पुन्हा आठवण करून दिली नाही.

नोकरी सोडलेली असूनही ती आधी ऑफिसात जाऊन बसली. मी पाव घेऊन सोबत होते. डेटाबेस कोणतेही काम करण्याआधी, काय करणार आहे ते स्वतःच्या नोंदीत लिहून ठेवतो, असे तिने मला सांगितले. त्यांनी जुनी प्रत काढली आणि त्या नोंदीप्रमाणे एकेक काम पुन्हा करवून घेतले, पुसण्याच्या अगदी आधीपर्यंत. दुपारनंतर स्क्रीनवर नावे परत येऊ लागली. सगळी आली, ज्याची त्याची जागा आणि तारीख धरून. मी क्रूसाची खूण केली. तिथली मुले हसली नाहीत, एकाने माझ्याबरोबर केली.

श्री. गिमेनो यांनी स्वतः कॉफी आणून दिली आणि म्हणाले, "काळजी करू नका बाई, तो पोरगा आत आहे." जोनालिनने स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली आणि ओळीचा इतिहास एक पायरी मागे नेला. रेक्सनच्या नावाखाली तिचे नाव होते. शब्द तेच होते.

ते म्हणाले, "तुम्ही तर सोडून चालला आहात. हे आता कशाला उकरता?"

ती म्हणाली, "तो आत बसलाय सर, आणि मी तुमची कॉफी पिऊ?"

त्यांनी तक्रार मागे घेतलेली नाही. काय ते पोलिसांना सांगा, म्हणाले.

आज आपण रेक्सनला बाहेर आणले तेव्हा तो तिला पाहून ओरडला, "मानांग, तू का आलीस? मी सांगणार होतो मीच लिहिलं म्हणून!"

"खोटं सांगणार होतास?"

"मंजुरी माझी होती ना! तिथं माझं नाव आहे!"

"मंजुरीचा भाग तुझा. ओळ माझी. माझी ओळ मला दे."

त्यावर सार्जंट बाई म्हणाल्या, "सुटायला भांडणारे रोज येतात. आत बसायला भांडणारे पहिलेच बघतेय. दोघंही गप्प बसा, तुमच्या आईला बोलू द्या." मी त्याची आई नाही, असे रेक्सनने सांगितले नाही.

तरी मी स्पष्ट सांगते की ती ओळ माझ्या मुलीने लिहिली आहे. रेक्सनने ती फक्त सरळ केली. दोघांपैकी कोणीही काही मुद्दाम केलेले नाही.

हा जबाब दाखल्याच्या अर्जाला जोडावा लागेल आणि दाखला अडू शकेल, असे बाईंनी मला समजावले आणि लिहू का असे विचारले. मी मुलीकडे पाहिले. मी लिहा म्हटले.

माझी मुलगी खरी आहे, एवढे शेवटी लिहा असे मी सांगितले. जबाबात मत लिहीत नाहीत असे बाई म्हणाल्या. म्हणून ते लिहिलेले नाही.

वरील मजकूर बाईंनी मला हळूहळू वाचून दाखवला, मी सांगितले तसाच तो आहे. फक्त एके ठिकाणी 'ती ओळ सदर महिलेने लिहिली आहे' असे लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'माझ्या मुलीने' असे केले आहे. त्या खोडीशेजारी माझी वेगळी सही आहे.

रेमेदिओस सुमागायसाय